खिळ्यांची परवानगी

लोहारकाम बाईमाणसाचं नव्हे, असं म्हणणाऱ्यांची तोंडं अक्काने वीस वर्षांपूर्वीच बंद केली होती. बापामागे भट्टी तिने सांभाळली. थोरला भाऊ शिकला आणि गव्हर्नरच्या कचेरीत चिटणीस झाला.

वसाहतीत कायदा होता: खिळा इथे बनवायचा नाही. तो समुद्रापलीकडून, राजाच्या देशातून जहाजानेच यायचा. अक्काने बिजागऱ्या कराव्यात, फाळांना धार लावावी, पण खिळ्याला हात लावू नये. तिनेही कधी कुरकुर केली नाही. आजोबा त्याच देशातून आलेले. एकदाही न पाहिलेल्या त्या मुलखाला ती 'आपल्याकडे' म्हणायची.

मग वादळात दवाखान्याचं छप्पर उडालं. जहाजाचा पत्ता नव्हता. सरकारी कोठारात खिळे होते, पण ते शिपायांच्या बराकींसाठी. अक्काने सरळ मार्ग धरला. राजाला अर्ज लिहिला: एका छपरापुरते खिळे करू द्यावेत.

उत्तराला नऊ महिने लागले. तोवर रोगी शिडाच्या कापडाखाली कुडकुडत होते. सुईणीने एक बाळंतपण तर चक्क छत्री धरून केलं.

दादाने कचेरीत पत्राचं सील फोडलं, वाचायला लागला आणि मध्येच घसा खाकरला.

"थांबलास का? वाच की."

"'बेटावरच्या आमच्या प्रिय लेकरांनो, मासेमारीच्या जाळ्यांबाबतचा तुमचा अर्ज नामंजूर...'"

अक्काने खिडकीबाहेर पाहिलं. तिन्ही बाजूंनी डोंगर जिथल्या तिथे होते.

"दादा, आपण बेटावर कधी राहायला गेलो?"

"कारकुनाची चूक असणार. पुन्हा अर्ज करू."

"म्हणजे आणखी नऊ महिने? तेवढ्यात पोर जन्माला येतं!"

"अगं, राजा आपल्या बापाच्या जागी आहे."

"बापाला लेक कुठे राहते एवढं तरी ठाऊक असतं," ती म्हणाली आणि उठलीच.

नकार तिने पचवला असता. पण आपण तिथे कुणाच्या खिजगणतीतही नाही, हे तिच्या जिव्हारी लागलं. घरी येईपर्यंत अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. तिने भरदुपारी दुकानाचे दोन्ही दरवाजे सताड उघडले आणि भाता ओढायला घेतला. सळी लाल करायची, टोक काढायचं, तुकडा तोडायचा, डोकं चेपायचं. बघ्यांची गर्दी जमली. सुतार तर खिळे थंड व्हायची वाट न बघता टोपली पुढे करून उभा राहिला.

संध्याकाळी दादा दोन शिपाई घेऊन आला. चेहरा पांढराफटक. हळूच म्हणाला, "चुकून झालं म्हण. बाकीचं मी निस्तरतो."

"चुकून एखादा होतो रे. हे मी मोजूनमापून केलेत," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आणि उद्याही करणार."

तिला कोठडीत टाकलं, भट्टीला टाळं ठोकलं. अकरा दिवसांनी ती सुटली ती अशक्त होऊन, पण मान ताठ. गल्लीत शिरते तो ठोक्यांचा आवाज! नालवाला खिळे करत होता, गाड्यांची चाकं बांधणारा करत होता, तांबटसुद्धा वेडेवाकडे का होईना, करत होता. दवाखान्याचं छप्पर निम्मं झालं होतं. भट्ट्यांना टाळी ठोकून ठोकून शिपाई टेकीला आले होते.

पुढे वर्षभरात गोष्ट खिळ्यांवर राहिली नाही. गावोगावचे लोक एकत्र बसले आणि राजाला शेवटचं पत्र गेलं. त्यात अर्ज नव्हता, फक्त कळवणं होतं. गव्हर्नरने गाशा गुंडाळला. त्याच्याबरोबर दादाही निघाला.

अक्का धक्क्यावर गेली. "तिकडे कुणाकडे उतरशील?"

दादाने गाठोडं या हातातून त्या हातात घेतलं. मग चिडून म्हणाला, "राजावाचून किती दिवस निभावाल?"

"ते आमचं आम्ही बघू," अक्का म्हणाली. डोळे भरले होते, ते तिने पुसले नाहीत. "तुला परत यावंसं वाटलं तर ये. परवानगी मागू नकोस."