पेल्याचा काठ

बाळाबाईंनी जिनचं माप भरलं, बाहेरच्या सोप्याकडे कानोसा घेतला आणि माप मोरीत रिकामं केलं. वर तांब्याभर पाणी ओतलं. मग पेल्यात लिंबू पिळलं, साखरेचा पाक आणि माठातलं गार पाणी घातलं, आणि जिनच्या बाटलीच्या तोंडाशी बोट ओलं करून पेल्याच्या काठावरून फिरवलं.

हंबीररावांचा गिमलेट तयार झाला.

फौजेत असताना गोऱ्या साहेबाकडून शिकलेलं हे जिन-लिंबाचं पेय त्यांनीच बायकोला शिकवलं होतं. दारूबंदी आली तरी परवाना काढून बाटली घरात येतच राहिली. पण यंदा काविळीनं अंथरूण धरायला लावलं आणि डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, आता प्यालात तर जगणार नाही. हंबीरराव ऐकणाऱ्यातले नव्हतेच. तेव्हा बाळाबाईंनी हा उद्योग आरंभला. पहिल्याच दिवशी हंबीररावांनी विचारलं होतं,

"यात जिन हाय न्हवं?"

"हाय की. अंबाबाईची शपथ!"

शपथ अगदीच खोटी पडू नये म्हणून ते काठावरचं बोट. पण मन कुठलं ऐकतंय? तेव्हापासून देवळात त्यांची नजर देवीच्या पायांवरून वर चढत नव्हती.

आज जयसिंगपूरहून हंबीररावांचे फौजेतले दोस्त गणपतराव आले होते. त्यांना खरा गिमलेट देणं भाग होतं. परक्या पुरुषांसमोर बाळाबाई जात नसत. पडद्याआडून त्यांनी दोन पेल्यांचं तबक पुढं केलं. हंबीररावांनी ते टेबलावर ठेवताना फिरवलं, आणि बिनजिनचा पेला गणपतरावांच्या हातात गेला.

गणपतरावांनी घोट घेतला आणि ते पेल्यात बघतच राहिले. हंबीररावांनी आपला पेला ओठांपर्यंत नेला. बाळाबाईंनी पडदा मुठीत आवळला. आता हा माणूस पिणार, आणि तेही आपल्याच हातचं!

जिनचा वास येताच हंबीररावांनी पेला खाली ठेवला.

"गणपतराव, पेलं बदललं की. माझा तुमच्याकडं आलाय."

"उष्टा झालाय हो."

"असू द्या. एका ताटात जेवलोय आपण."

त्यांनी तो पेला ओढून घेतला, मोठा घोट घेतला आणि नेहमीसारखे डोळे मिटले.

"वा! कडक झालाय."

गणपतरावांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि समोरचा पेला उचलला.

ते गेल्यावर बाळाबाई मोरीपाशी पेले विसळत होत्या. हंबीरराव मागं येऊन उभे राहिले.

"काठाला बोट लावतीस, ते बी बंद कर. डॉक्टर थेंबबी नगं म्हणालाय."

बाळाबाईंचे हात थांबले.

"कवापासनं ठावं हाय?"

"पहिल्या दिवसापासनं. मोरीला वास येतोय की."

"मग बोलला का न्हाईसा?"

"अंबाबाईची शपथ घेतली हुतीस. तुला खोटं कसं पाडायचं?"

बाळाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी बाटली उचलली आणि त्यांच्यादेखत मोरीत उपडी केली. वर पाणी ओतायचं मात्र आज त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.