तेराची बोली

शेअर बाजार कोसळला त्या आठवड्यात विमा कचेरीवर स्मशानकळा पसरली होती. सगळे डोक्याला हात लावून बसले होते आणि दोघा भावांतला धाकटा, तिथलाच कारकून, एकटाच डबा उघडताना शीळ घालत होता.

"मयताला येऊन शीळ घालणारा माणूस पहिल्यांदाच बघतोय," रोखपाल म्हणाला.

"मयत तुमचं, साहेब. माझी पेरणी आहे."

वर्षानुवर्षं लोकांनी त्याला कवडीचुंबक म्हणून हिणवलं, पण त्याने गाठीचा पैसा हलवला नव्हता. सगळे विकायला धावतात तेव्हा आपण घ्यायला जायचं, हे शहाणपण वडिलांकडून आलेलं. बुडालेल्या दुकानांचं सामान लिलावात घेऊन त्यांनी दोन मुलं वाढवली. त्यांचे नियम दोन. विकणाऱ्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, नाहीतर हात आखडता घेता येत नाही. आणि बोलीचा आकडा कधी पूर्ण ठेवायचा नाही, शेवटी तेरा लावायचे. "तेराला जग घाबरतं," ते म्हणायचे, "म्हणून तिथे गर्दी नसते." भाजी घेतानासुद्धा दोघा भावांच्या तोंडून तेरा निघायचे. बायका कपाळाला हात लावायच्या.

थोरला कुलपांच्या कारखान्यात फिटर होता. पगाराचा काही भाग कंपनी शेअर देऊन भागवायची. ते शेअर त्याने कधी विकले नव्हते. तोच धाकट्याला सांगायचा, "कर्ज नाही, जागा स्वतःची, आणि जगात चोर आहेत तोवर कुलपं खपणार. कधी पडली तर डोळे झाकून घे."

ती पडली. शंभराच्या पुढचा शेअर चाळिशीत आला. धाकट्याने संगणकावर बोली लावली, एक्केचाळीस-तेरा, म्हणजे एक्केचाळीस रुपये तेरा पैसे. या शेअरला फारसं गिऱ्हाईक नसायचं. पडद्यावर घेणारा हा एकटा आणि विकणारे दोघे-तिघे, तेही वरच्या भावाला अडून बसलेले.

मग एका दुपारी विकणाऱ्यांच्या बाजूला नवा आकडा उमटला. चव्वेचाळीस-तेरा.

धाकटा हसला, योगायोग म्हणून. दुसऱ्या दिवशी तोच माणूस त्रेचाळीस-तेरावर उतरला आणि धाकट्याचा घास तोंडातच राहिला.

थोरल्याचा कारखाना अर्ध्या पाळीवर आला होता, पगारही अर्धा. वहिनीचे दोन्ही गुडघे झिजलेले. डॉक्टर म्हणाले होते, दोन्ही बदला, मग चालायला लागतील. हे धाकट्याला ठाऊक होतं. थोरल्याने पैशाचं अवाक्षर काढलं नव्हतं. लहान भावापुढे हात पसरायचा त्याचा स्वभावच नव्हता.

धाकट्याने फोन लावला.

"दादा, काय चाललंय?"

"काही नाही रे. घरीच. तुझं?"

"मजेत. वहिनी कशी आहे?"

"बसलीये. उठली की कळतं कशी आहे ते." थोरला हसला. मग म्हणाला, "बाजार पडलाय म्हणे. घेतोयस काही?"

"थोडंफार."

"घे, घे. पडल्यावरच घ्यावं."

थोरला काहीतरी म्हणेल म्हणून धाकटा थांबला. कदाचित थोरलाही त्याचसाठी थांबला असेल. शेवटी पाण्याचा नळ चालू राहिलाय असं काहीतरी सांगून थोरल्याने फोन ठेवला.

बोली वाढवणं दोन बोटांचं काम होतं. धाकट्याचं बोट कळफलकावर होतंही. मागितले असते तर दिले असते, त्याने स्वतःला सांगितलं. न मागता दिले तर दादाचा अपमान होईल. आणि बाजार म्हणजे बाजार, तिथे नाती काढायची तर घरी बसावं. एकेक कारण चोख होतं. त्या चोख कारणांच्या आड तो एवढंच बघत होता की समोरच्याला निकड आहे आणि दुसरं गिऱ्हाईक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बोली खाली आणली. अडतीस-तेरा.

दुपारपर्यंत समोरचा आकडा जागचा हलला नाही. मग पुसला गेला. आणि सगळा माल अडतीस-तेराला धाकट्याच्या खात्यात येऊन पडला.

"एवढ्या स्वस्तात विकणारा हा येडा कोण हो?" बायकोने विचारलं.

"असेल कुणी गरजू."

वर्ष उलटायच्या आत कुलपं सावरली. भाव दुपटीच्या वर गेला. कचेरीत रोखपाल त्याला 'गुरुजी' म्हणू लागला. आणि एका रविवारी थोरला आणि वहिनी घरी आले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. वहिनी दारात टेकली तेव्हा तिचा चेहरा घामाने भिजला होता.

"बदलले ना गुडघे?" धाकट्याची बायको खुर्ची ओढत म्हणाली. "मग एवढा त्रास?"

"एकच बदलला," वहिनी म्हणाली. "पैसे एकाच्याच भावाचे आले, भावजी. आता एक पाय सुनेचा, एक सासूचा. एक पुढे पळतो, दुसरा त्याला ओढून धरतो."

बायको खळखळून हसली. थोरलाही हसला. धाकट्याने पाण्याचा पेला उगाच दुसऱ्या हातात घेतला.

वहिनी आणि बायको आत गेल्या, तसा तो हळूच म्हणाला, "दादा, दुसऱ्याचं मी बघतो. आत्ता देतो."

थोरल्याने मान वर केली. वडिलांच्या नियमात विकणाऱ्याच्या डोळ्यांत बघायचं नव्हतं; इथे विकणाऱ्यानेच धाकट्याच्या डोळ्यांत नीट बघितलं.

"एक्केचाळीसची अडतीस केलीस," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मला वाटलं होतं, चव्वेचाळीस करशील. म्हणून तर तेरा लावले होते. तू ओळखावंस म्हणून."

"दादा..."

"राहू दे. लिलाव उठल्यावर बोली लावायची नसते."

चहा झाला, निघायची वेळ झाली. थोरला एक पायरी पुढे उतरून वहिनीला खांदा देत होता. नवा पाय, मग जुना पाय. धाकटा दार उघडं ठेवून उभा राहिला. खालच्या मजल्यावर वहिनी विसाव्याला थांबली तेव्हा जिन्यात काही ऐकू येईना. मग पुन्हा नवा पाय, मग जुना.

"दार लावा की," आतून बायको म्हणाली. "डास येतायत."