हुकूम फक्त शाळेला

तागाचा कुबट वास.

ओल्या तेंदूच्या पानावर चालणारी कात्री.

दाराला कुलूप, आणि दारासमोर पोरांची रांग.

"नमस्ते, साहेब!"

तंबाखूच्या भुकटीत बोटानं मांडलेला भागाकार.

हे सगळं एकाच ओसरीतलं आहे, मित्रांनो. त्या ओसरीत मी अंथरलेली होते. शाळेत मुलं ज्या लांबलचक, अरुंद पट्टीवर ओळीनं बसतात, ती टाटपट्टी मी. आता माझ्या कडा उसवल्या आहेत, मधे भोकं पडली आहेत, आणि मला राग आला आहे. जुन्या वस्तूंनी हळहळावं, रागावू नये, अशी रीत आहे. आज ती मी पाळणार नाही.

जन्म सांगते. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी मी तुरुंगातल्या मागावर विणली गेले. बाहेर झेंडे लागत होते आणि आत एक कैदी माझा ताग ओढत होता. त्यानं शेजारच्याला विचारलं, "हे कुठं जाऊन राहिलं बे?"

"शाळेत."

"मंग घट्ट विनतो. पोट्टे लय घासतेत."

त्याच्या त्या घट्ट विणीमुळेच मी अजून आहे.

रेल्वेनं, मग बैलगाडीनं मी अर्जुनीच्या अलीकडच्या एका गावी आले. चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे बांधांची शेतं, मधे तलाव, तलावाच्या पाळीला शाळा. शाळा म्हणजे एक खोली आणि पुढे कौलारू ओसरी. पहिली काही वर्षं मी कमी पडत असे. खरं तर पडत नसे. पण काही मुलांना माझ्यावर बसू देत नसत. ती माझ्या टोकापलीकडे, उघड्या जमिनीवर बसत. मग शालीकराम मास्तर आले. त्यांनी पहिल्याच दिवशी मला ओढलं आणि त्या मुलांच्या खाली सरकवलं. "जागा पुष्कळ आहे," एवढंच म्हणाले. गावात कुरकुर झाली. मास्तरांनी ती ऐकू न आल्यासारखं केलं आणि पाढे सुरू केले.

ते माझे चांगले दिवस. पाण्याचे शिंतोडे, पेन्सिलीची पूड, शेंगांची टरफलं, एखाद्या पहिलीतल्याची ओली चड्डी. सगळं मी मुकाट्यानं सोसलं. मला त्याचा अभिमान होता.

चौथीत फुलवंता ही एकच मुलगी होती. बाकीच्या मुली दुसरी-तिसरीतच गळल्या. ती माझ्या मधोमध बसे, पाय पोटाशी घेऊन, म्हणजे शेजाऱ्याला जागा व्हावी. तिचा बाप कवडू शाळेवरून बैल नेताना ओसरीकडे बघून म्हणे, "चौथी पास होऊन नांगर का इंग्रजीत हाकशीन?"

तिची माय सुमित्राबाई मागून येत असे. ती म्हणे, "पास तं होऊ द्या. पास झाली का मी तिले अर्जुनीले पाचवीत धाडतो. तुमाले इचारतो कोन?"

चौथीची परीक्षा. फुलवंताचं सगळं त्या एका गोष्टीवर अडकलं होतं. पास झाली तर अर्जुनी. नाही तर सूप.

सूप म्हणजे धान पाखडायचंच, पण आमच्याकडे ते मांडीवर घेऊन बायका बिड्या बांधतात.

सत्तावन सालच्या पावसाळ्यात नवा ताप आला. हाडं फोडणारा ताप. एका घरातून दुसऱ्या घरात जायला त्याला एक खोकला पुरत होता. गावात दोन म्हातारी माणसं गेली. रोग खोटा होता असं मी म्हणत नाही, मित्रांनो. भंडाऱ्याहून हुकूम आला: मुलं एकत्र बसली की रोग पसरतो, म्हणून पुढचा हुकूम होईपर्यंत शाळा बंद. मास्तरांनी खोलीला कुलूप लावलं, मला गुंडाळून ओसरीच्या कोपऱ्यात उभं केलं आणि मुलांना सांगितलं, "घरात राहा. तलावावर जमू नका." मला ते पटलं. उभं राहून पाठ अवघडली, पण पटलं.

दोन-चार दिवसांतच भैय्यालाल आला.

भैय्यालाल बिडीचा सट्टेदार. गोंदियाच्या कारखान्यातून पान आणि तंबाखू आणायचा, घरोघर वाटायचा, बांधलेल्या बिड्या मोजून न्यायच्या, हे त्याचं काम. पावसाळ्यात त्याची दर वर्षी पंचाईत होई, कारण सगळ्या बाया धानाच्या रोवणीला जात. हात मिळत नसत. या वर्षी त्यानं पाहिलं, गावभर मोकळे हात हिंडताहेत. लहान हात, पण मोकळे. मग त्यानं कोरडी ओसरी पाहिली. मग मला पाहिलं.

"ये तो पड़े-पड़े सड़ जाएगी," असं म्हणून त्यानं मला पायानं लोटलं. मी उलगडत गेले.

सुमित्राबाई रोवणीला निघाली होती. ती थांबली. "काऊन जी, पोट्टे एकत्र बसले का ताप पसरते म्हनतेत ना?"

"अरे बाई, वो हुकूम स्कूल का है. बिडी का थोड़े ही है!"

सुमित्राबाईच्या मागून कवडू म्हणाला, "चाल वो. चार पैसे येतीन. घरी बसून तरी का करते पोरगी?"

आणि दुसऱ्या दिवशी रांग बसली.

तीच मुलं. तीच ओळ. तीच मी. मला माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा वजनं जास्त कळतात, आणि सगळी वजनं ओळखीची होती, आपापल्या जागी. पाटीच्या जागी सूप, पेन्सिलीच्या जागी कात्री, एवढाच फरक. गुडघ्याला गुडघा लागलेला. एक खोकला की तंबाखूची भुकटी उडे आणि मग सगळी रांग खोके. मागे खोलीला कुलूप होतं, रोग पसरू नये म्हणून!

हे बोलताना माझा धागा न् धागा अजून ताठ होतो.

शाळा बंद म्हणून मास्तरांचा पगारही बंद झाला. हुकमात तसं नव्हतं, पण आला नाही. मास्तरांच्या घरातलं धान संपत आलं. एका सकाळी ते ओसरीत आले, चपला बाहेर काढल्या आणि माझ्या टोकाला, अगदी पहिलीतल्या पोरांच्या शेजारी बसले.

"आओ मास्टरजी, आओ!" भैय्यालाल हसला. "आज से आप भी पहिली में."

मास्तरांनी सूप मांडीवर घेतलं. रांगेतल्या कात्र्या थांबल्या. गुरुजींना असं बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. मास्तरांनी पान कापलं, तंबाखू भरला, गुंडाळलं. शेजारचा पोरगा डोकावला आणि त्याला राहवलं नाही.

"गुर्जी, तुमची बिडी गाभन दिसून राहिली."

"अन् हे पाहा," पलीकडचा म्हणाला, "हिच्या पोटात तं कायीच नाही. उपाशी हाय बिचारी!"

रांग हसली, मास्तरही हसले. फुलवंता उठून त्यांच्याजवळ आली. "तसं नाही जी, गुर्जी. आंगठा आत घ्या. तुमच्या हातात पान रडून राहिलं."

"बरं बाई. तू मला बिडी शिकव. मी तुला काय शिकवू?"

"भागाकार," ती लगेच म्हणाली. "तोच तं राहिला हाय."

मास्तरांनी भैय्यालालकडे पाहिलं, मग रांगेकडे. हळूच म्हणाले, "हात भैय्यालालचे. तोंड तर आपलंच आहे ना?"

तेव्हापासून त्या ओसरीत शाळा भरू लागली. पुस्तक नाही, फळा नाही, घंटा नाही. हात चालत आणि तोंडं चालत. पाढे, कविता, नद्या. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा; पंचविसाचा पाढा तर बिडीच शिकवी. फुलवंता सुपात तंबाखूची भुकटी पसरी, बोटानं भागाकार मांडी, मास्तरांना दाखवी आणि तळहातानं पुसून त्याच भुकटीची बिडी बांधी. त्या दिवसांत इथल्या कोणी बिडी ओढली असेल, तर त्यानं आमचं गणित ओढलं.

भैय्यालाल पाढ्यांवर कुरकुरे, "मास्टर, पहाड़े से बिडी ढीली होती है." पण मोजदाद बरोबर येई, म्हणून चालवून घेई.

मग एका रिमझिमत्या दुपारी डिप्टी आले. डिप्टी म्हणजे शाळा तपासणारे साहेब. शाळा खरोखर बंद आहे की नाही, हे बघत ते गावोगाव फिरत होते. नाकाला रुमाल धरून ते बैलगाडीतून उतरले आणि ओसरीच्या पायरीशी उभे राहिले.

आता मुलांची चूक ऐका. शाळेत साहेब आले की उभं राहायचं, हे मास्तरांनी त्यांना पहिलीपासून शिकवलेलं. कोणी सांगायची वाटच पाहिली नाही. सगळी रांग ताडकन उठली. मांड्यांवरची सुपं उलटली, तंबाखूचा ढग उठला आणि त्या ढगातून एका सुरात आवाज आला: "नमस्ते, साहेब!"

साहेब शिंकले. पुन्हा शिंकले. मग म्हणाले, "म्हणजे इथं शाळा चालू आहे!"

"नहीं नहीं साहेब," भैय्यालाल धावला. "ताला देखिए ना. ये तो बिडी का काम है."

"बिडीचं काम?" साहेबांच्या कपाळावरची आठी गेली. "असं होय. मग ठीक आहे."

मित्रांनो, नीट ऐकलंत ना? मग ठीक आहे.

साहेब वळणारच होते. पण सगळी सुपं उलटली तरी एक सूप सरळ होतं. फुलवंता ते दोन्ही हातांत धरून उभी होती, कारण तिचा भागाकार मास्तरांना दाखवायचा राहिला होता. साहेबांनी वाकून पाहिलं. "हे तू मांडलंस? छान. कोणी शिकवलं?"

आजवर तिला कोण्या साहेबानं 'छान' म्हटलं नव्हतं. तिचं तोंड फुललं. "गुर्जी शिकवतेत जी. रोज. आताच शिकवून राहिले होते."

शालीकराम मास्तर रांगेच्या टोकाला उभे होते. त्यांनी डोळे मिटले. मग उघडले आणि पुढे आले.

"हो, साहेब. मी शिकवतो."

"हुकूम माहीत आहे ना तुम्हाला? मुलं एकत्र बसवायची नाहीत."

"मी बसवली नाहीत. ती बसलीच आहेत. गप्प बसली तर रोग पसरत नाही आणि पाढे म्हटले तर पसरतो, असं आहे का?"

साहेबांनी रुमाल खाली घेतला. त्यांना राग आला होता. "माझ्याकडे हुकूम आहे तो शाळेचा. बिडीचं खातं वेगळं. वर्ग भरवणं हा गुन्हा तुम्ही केलात. तुमची इथून बदली होईल."

संध्याकाळी सुमित्राबाई गुडघाभर चिखलानं माखून आली तेव्हा साहेबांची गाडी निघत होती. तिनं बैलासमोर उभं राहून विचारलं, "साहेब, माह्या पोरीले कायले इचारलं जी? खरं बोलली म्हनून गुर्जी चालले?"

"बाई, बाजूला व्हा."

"होतो ना बाजूले. आमी बाजूलेच राहतो. पन तिची परीक्षा कोन घेईन?"

गाडीवानानं बैलांना वळसा घालून गाडी नेली.

मास्तरांची बदली दरेकशाकडे, जंगलात झाली. जाताना त्यांनी मला झाडलं, माझ्यावरचा तंबाखू पायरीवर पाडला. फुलवंता त्यांच्यासमोर आलीच नाही. खांबामागे उभी राहून ती रडत होती, आपल्यामुळे झालं म्हणून. मास्तर खांबाकडे बघून म्हणाले, "भाग बरोबर होता, बाई. बाकी शून्य."

पुढे शाळा उघडण्याचा हुकूम आला. कुलूप निघालं, पण मास्तर नव्हता. नवा मास्तर होळीनंतर आला, आणि परीक्षेला बसणाऱ्यांची नावं त्याच्या आधीच जायची असतात. पाठवणार कोण? रांग मात्र बसलेलीच होती. भैय्यालालनं ती ओसरीतून आपल्या अंगणात नेली, मलाही नेलं. त्या रांगेतली निम्मी मुलं शाळेत परतली नाहीत. फुलवंता त्यांत होती. सुमित्राबाईनं पुन्हा कधी कवडूपुढे अर्जुनीचं नाव काढलं नाही.

यंदा महाराष्ट्र झाला. गावात समारंभ झाला. मला भैय्यालालच्या अंगणातून आणून, धुऊन पाहुण्यांच्या पायांखाली अंथरलं. माझ्यावर उभं राहून एका पाहुण्यानं शिक्षणावर भाषण केलं. मी घट्ट विणीची नसते तर तिथंच फाटले असते.

मला धुवा, जपा, सावलीत ठेवा, असं काही मी मागत नाही, मित्रांनो. ताग आहे, कुजेल. मागणं वेगळं आहे. पुन्हा कधी रोग येईल आणि शाळा बंद करावी लागेल. करा. पण कुलूप लावणाऱ्यानं मागे वळून बघावं की मुलं कुठे जाऊन बसली. मास्तराच्या घरी चूल पेटते का, बघावं. आणि पहिलं कुलूप नेहमी शाळेलाच का मिळतं, हे कुणीतरी साहेबाला विचारावं. शिंकेपर्यंत विचारावं.

त्या सालच्या तापाचा गावातला पहिला रोगी भैय्यालाल होता. तो गोंदियाहून ताप घेऊन आला जून महिन्यात, शाळेला उन्हाळ्याची सुटी असताना.