चोविसाव्या क्रमांकाची पेटी

मित्रांनो, तुमच्यापैकी काहींनी मला टीव्हीवर पाहिले असेल. आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धेत ब्रिटनचे गाणे सुरू झाले, तेव्हा गायिकेच्या पुढ्यात सोनेरी रंगाची एक पेटी झगमगत होती. ती पेटी मीच. तुम्ही मला पाहिले, पण ऐकले मात्र नाही. कारण माझे सूर तेव्हा एका प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून पडद्यामागे टाकून दिलेले होते.

मी खूप जुनी आहे. माझा जन्म नागपूरचा. माझी मालकीण धम्मशीला, तिचे वडील शाळामास्तर होते. जलशात गाण्यासाठी त्यांनी मला सागवानाची करून घेतली. १९७८ साली धम्मशीला नर्स म्हणून नॉटिंगहॅमला निघाली, तेव्हा तिने बॅगेतले कपडे कमी केले आणि मला घोंगडीत गुंडाळून बरोबर घेतले.

इथल्या दमट हवेने पहिल्याच वर्षी माझ्या पट्ट्या फुगल्या. एकदा दाबलेली पट्टी वर येईना. धम्मशीला ड्यूटीवरून आली की मला कोरड्या फडक्याने पुसायची आणि भाता हलकेच हलवायची. चौदा एप्रिलला चर्चचा हॉल भाड्याने घेऊन भीमजयंती व्हायची. लेस्टर, बर्मिंगहॅमहून माणसे यायची. एकमेकांना 'जय भीम' म्हणायची, आणि मी वाजू लागले की त्या थंडगार हॉलमध्ये कोट काढून बसायची. ते माझे सुखाचे दिवस होते.

हॉस्पिटलात मात्र तिला सगळे 'शीला' म्हणत. पूर्ण नाव घ्यायला जड जाते, असे त्यांचे म्हणणे. धम्मशीला एकतीस वर्षे शीलाच राहिली. निवृत्तीच्या दिवशी केकवरसुद्धा तेवढेच लिहिले होते. तिने तो केक हसत हसत कापला. मी त्या घरात नुसती धुमसत होते.

आता त्या स्पर्धेविषयी सांगते. दर मे महिन्यात आमच्या घरी सगळे ती पाहायला टीव्हीपुढे बसत. या देशाने ती स्पर्धा पाच वेळा जिंकली होती, पण शेवटचा विजय धम्मशीलाची नात तनिषा हिच्या जन्माआधीचा. त्यानंतर एकविसावा, तेविसावा, शेवटचा. मध्ये एकदा दुसरा क्रमांक आला आणि सगळे हुरळून गेले. पुढच्याच वर्षी पुन्हा तळाला. हरल्यावर कारणे तयारच असत. शेजारी देश एकमेकांनाच गुण देतात, आपल्यावर सगळ्यांचा राग आहे, वगैरे.

"गाणं कसं होतं, ते कुणी बोलतच नाही," धम्मशीला म्हणायची.

तनिषा मोठी झाली आणि मिल्टन कीन्सच्या एका शाळेत संगीत शिकवू लागली. तिने आजीवर एक इंग्रजी गाणे रचले. एका नर्सला एकतीस वर्षे कुणी तिच्या नावाने हाक मारत नाही, अशी त्याची गोष्ट. शेवटी एकच ओळ मराठीत होती, 'माझं नाव धम्मशीला, पूर्ण घे.' आमच्याच बैठकीच्या खोलीत माझ्या साथीवर तिने ते ध्वनिमुद्रित केले आणि स्पर्धेच्या निवडीसाठी पाठवले. शेकडो गाण्यांतून तेच निवडले गेले. त्या दिवशी धम्मशीलाने सगळ्या गल्लीत शिरा वाटला.

ब्रिटनच्या पथकाचे प्रमुख होते मिस्टर हॅलम. ते स्वतः आमच्या घरी आले. माझ्यावर हात ठेवून म्हणाले, "हेच तर हवंय आम्हाला! अगदी अस्सल!" मीसुद्धा भुलले. खोटे कशाला बोलू?

दीड महिन्याने तनिषा शनिवारी घरी आली ती पडलेल्या चेहऱ्याने.

"आजी, ते म्हणतात, मराठी लाइन काढू या. व्होटर्सना कळणार नाही म्हणे. आणि पेटीचा साउंड थोडा नेझल वाटतो."

"नेझल म्हणजे?"

"नाकातला."

"मग तू काय म्हणालीस?"

"विचार करते म्हटलं. पण नाही म्हटलं ना, तर ते दुसरं साँग घेतील. असा चान्स परत नाही येणार, आजी. तू सांग ना काय करू."

धम्मशीला म्हणाली, "मी नको म्हटलं तर जन्मभर मला बोल लावशील. गाणं तुझं आहे. तूच ठरव."

तनिषाने ठरवले. ओळ गेली. माझा आवाज गेला आणि त्याच्या जागी संगणकातून काढलेला गुळगुळीत आवाज आला. मला राग हॅलमचा आला, त्याहून जास्त तनिषाचा आला. नाव नीट घ्या असे सांगणारे गाणे, आणि त्यातून नावच खोडून टाकायचे?

पण मंचावर त्यांना मी हवी होते. दिसायला. या स्पर्धेत गाणाऱ्याचा गळा तेवढा खरा असतो, वाद्ये आधीच ध्वनिमुद्रित केलेली असतात. त्यामुळे वाजणारी पेटी लागतच नाही. मंचाची सजावट करणाऱ्यांनी माझे झाकण उघडले. मी उचलायला हलकी व्हावी म्हणून माझे सूर, म्हणजे आवाज देणाऱ्या पितळी जिभा, स्क्रू काढून काढून उपटले. रिकाम्या पोटात दिव्यांच्या माळा भरल्या आणि वरून सोनेरी रंग फवारला. धम्मशीलाच्या वडिलांनी माझ्या बाजूला कोरून घेतलेले पिंपळपान त्या रंगाखाली बुजले. कुणी विचारले नाही. विचारायचे कुणाला? पेटीला?

मी तीन मिनिटे मंचावर लखलखत बसले. तनिषा माझ्या पट्ट्यांवर बोटे फिरवत होती आणि माझ्यातून श्वासही निघत नव्हता. ती सुरेल गायली, पण त्या गाण्यात आता काहीच उरले नव्हते. परीक्षकांनी सहा गुण दिले. प्रेक्षकांनी शून्य. चोवीस देशांत आमचा क्रमांक चोविसावा.

हरण्याचे मला काही वाटले नाही. खरा संताप आला तो दुसऱ्या दिवशी. हॅलमसाहेबांनी टीव्हीवर मुलाखत दिली. म्हणाले, "दक्षिण आशियाई सूर आणण्याचा प्रयोग आम्ही धाडसाने केला. दुर्दैवाने तो बाहेरच्या प्रेक्षकांना परका वाटला."

कुठला सूर, मित्रांनो? कुठे होता तो? ज्यांनी तो पिशवीत भरला, तेच जगाला सांगत होते की त्या सुरामुळे आम्ही हरलो! मला भाता हलवता आला असता, तर मी त्या माणसाच्या कानात किंचाळले असते.

तनिषा दोन आठवडे नॉटिंगहॅमला फिरकली नाही. आली तेव्हा मला आणि ती पिशवी घेऊन आली. धम्मशीलाने एकेक सूर टेबलावर मांडला. दोन कमी भरले.

"सॉरी, आजी," तनिषा रडू लागली. "मी घाबरले गं."

"तुझं सॉरी घेऊन मी काय करू?" धम्मशीला म्हणाली. मी तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा चिडलेले पाहिले. "तो माणूस सगळ्यांना खोटं सांगतोय. खरं काय झालं, ते तुला माहीत आहे. ते कोण सांगणार?"

आधी तनिषा मला लंडनच्या वेम्बलीला घेऊन गेली. ईलिंग रोडच्या मागे राजीवकाकांचे वाद्ये दुरुस्त करण्याचे छोटे दुकान आहे. त्यांनी मला उघडून आत पाहिले आणि विचारले, "कुणी केलं हे?"

"आम्ही," तनिषा खाली मान घालून म्हणाली.

राजीवकाकांनी दोन सूर नव्याने घासून बसवले, रंग खरवडला, पिंपळपान मोकळे केले. तीन आठवडे लागले. सगळे झाल्यावर त्यांनी भाता ओढला आणि मी वाजले. थोडी खरखरत, पण माझ्याच आवाजात.

मग एका सकाळी नॉटिंगहॅमच्या रेडिओवर तनिषाची मुलाखत झाली. शेजारी आजी बसली होती. "ज्या आवाजाला दोष दिला गेला, तो त्या दिवशी वाजलाच नाही," तनिषा म्हणाली. "तो त्यांनी काढला, आणि मी काढू दिला. ती माझी चूक. आता मूळ गाणं ऐका." ती मला घेऊन गायली. शेवटची ओळ मात्र धम्मशीलाने स्वतः म्हटली, न लाजता, खणखणीत.

हॅलमसाहेबांनी माफी मागितली नाही. सर्व बदल कलाकाराच्या संमतीने झाले, असे दोन ओळींचे निवेदन त्यांनी काढले. ते खोटे नव्हते, म्हणून तनिषाला जास्त झोंबले.

पुढच्या हिवाळ्यात तनिषाला एक फोन आला. वेल्समधल्या स्वान्सीची केरिस नावाची मुलगी त्या वर्षी ब्रिटनकडून गाणार होती. तिच्या गाण्यात वेल्श भाषेतले एक कडवे होते आणि ते काढा असा आग्रह सुरू झाला होता. "तुमची रेडिओ मुलाखत मी ऐकली होती," ती म्हणाली. "मी काय करू?"

तनिषाने या वेळी विचार करायला वेळ घेतला नाही. "त्या बदलाच्या कागदावर सही करू नकोस. त्यांना दुसरं गाणं घ्यायचं तर घेऊ दे. मी हो म्हटलं होतं, बघ काय झालं ते."

केरिस अडून बसली. कडवे राहिले. मे महिन्यात आम्ही सगळे टीव्हीपुढे होतो. ती मुलगी तिच्या भाषेत गायली, आणि एक शब्द कळत नसताना धम्मशीला ठेका धरून बसली होती. ब्रिटनचा क्रमांक अकरावा आला. घरात असा जल्लोष झाला की शेजारीण विचारायला आली, जिंकलो का म्हणून.

मित्रांनो, अकरावा क्रमांक काही फार मोठा नाही, हे मलाही कळते. आणि माझा राग अजून गेलेला नाही, तो जाऊही नये. माझे एकच मागणे आहे. कुणाच्या घरची जुनी पेटी, जुनी भाषा, जुने नाव मंचावर न्यावेसे वाटले, तर ते आवाजासकट न्या. निव्वळ शोभेला हवे असेल, तर राहू द्या आम्हाला घरी. इथे दररोज सकाळी चहा झाला की धम्मशीला माझा भाता ओढते, आणि नाकात का होईना, मी गाते.