खुर्चीवरची भावजय

खुब्याचा सांधा झिजून बेगाइम आपांना पाऊल टाकणं अवघड झालं, तेव्हा किर्गिझस्तानातल्या अख्ख्या नारीन गावाला वाईट वाटलं. राजधानी बिश्केकला जाऊन नवा खुबा बसवून आल्या, तेव्हा वाईट वाटलं ते फक्त सुनेला. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं ना!

"आपा, बसा बघू!" वॉकर धरला की नुरझात आडवी यायची. "आजारी सासूला राबवते म्हणून शेजारणी मला सोलून काढतील."

"अगं, फाटकापर्यंत तर जाते."

"फाटकातच तर सगळ्यांना दिसतं!"

डॉक्टरांनी खाली मांडी घालून बसायची मनाई केली होती. म्हणून पाहुण्यांसाठी जमिनीवर गाद्या, चहा, तळलेल्या पिठाचे बोर्सोक. आणि आपा एकट्या खुर्चीवर. थोरले दीर मोल्दोबाय समाचाराला आले, मानाच्या जागी टेकले आणि मान वर करून पाहतच राहिले.

"भावजय वर आणि मी खाली? गावात कुणी ऐकलंय असलं?"

"भाऊजी, खुबा नवा आहे."

"खुबा नवा असेल, रीत जुनी आहे!"

आपांच्या मुलाने त्यांच्यासाठी खुर्ची आणली. ती आपांच्या खुर्चीपेक्षा बुटकी निघाली. मग तिच्यावर गादी आली. आता मोल्दोबायांसोबत आलेले चुलत भाऊ रुसले. शेजारच्या घरांतून स्टुलं आली, कुणाचं कुणापेक्षा उंच यावर खडाजंगी सुरू झाली आणि नुरझात उशा घेऊन धावत सुटली.

आपांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. त्यांनी वॉकर ओढला. उंबऱ्याशी मांडीतून कळ गेली. पण जुनी, हाडावर हाड घासणारी कळ ती नव्हती. ऑपरेशन झालेला पाय आधी खाली टाकून त्या अंगणात उतरल्या, फाटक ढकललं आणि चिनारांच्या सावलीतून थेट कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत गेल्या. तिथे लोकर विंचरणाऱ्या शेजारणीने हात थांबवला.

"अगंबाई! एवढ्या लवकर चालायला लागलीस? सून गुणाची हो तुझी, किती मेहनत घेतली असेल पोरीने!"

आपांना हसू आवरेना. उंच बाकाला टेकून त्या मनसोक्त हसल्या.

ही वाहवा संध्याकाळपर्यंत घरी पोचली. दुसऱ्या दिवशी चहाही न देता नुरझातने वॉकर पुढे केला. "चला आपा, फाटकापर्यंत. नाही, बाजारापर्यंतच जाऊ. तिथे सगळे भेटतात."