चोवीस धुडकू

मी एक जुना कॅमेरा आहे, असं म्हणायला मला फार आवडलं असतं. मित्रांनो, आत्मवृत्त सांगणाऱ्यानं जुनं असावं लागतं. पण मी दोनच वर्षांचा आहे. मी एका जुन्या कॅमेऱ्याची नक्कल आहे, उंचीनं काडेपेटीएवढी. म्हणजे म्हातारपण मला जन्मतःच मिळालं आणि बालपण राहूनच गेलं.

ज्याची मी नक्कल आहे, त्या मोठ्या कॅमेऱ्याला एकाखाली एक असे दोन डोळे असत. वरच्या डोळ्यातून नुसतं बघायचं आणि खालच्या डोळ्यानं फोटो काढायचा. माझंही तसंच आहे. माझ्या पोटात खरी फिल्म बसते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पाहुणे मला कुलूप समजून विचारतात, "याला चावी कुठली लावतात?"

माझा जन्म सुरतेतल्या लिंबायतमध्ये, एका खोलीत झाला. मला घडवणारा कुंदन कतारगामच्या एका कारखान्यात हिऱ्यांना पैलू पाडायचा. मग हिऱ्यांची मागणी घटली. शेठ म्हणाला, दिवाळीची सुट्टी जरा लांबवू. ती सुट्टी होळीपर्यंत लांबली. तेव्हा कुंदनच्या लक्षात आलं, की ही सुट्टी नाही.

त्याच सुमारास त्याला चंचलभाई भेटले. वेसूला त्यांचं मोठं घर आहे आणि त्यात जुन्या कॅमेऱ्यांनी गच्च भरलेलं काचेचं कपाट आहे. कपाटात जागा उरली नव्हती, म्हणून त्यांना आता लहान कॅमेरे हवे होते. कपाट मोठं करावं, हे त्यांना सुचलं नाही. श्रीमंत माणसाला सोपं काही सुचत नाही. ते कुंदनला म्हणाले, "एक बनव. चालू पाहिजे हं. फोटो काढून दाखव. साफ आला तर पन्नास नगांची ऑर्डर तुझी."

ही ऑर्डर मिळाली नाही तर कुंदनला एका मॉलच्या गेटवर वॉचमन म्हणून उभं राहावं लागणार होतं. बोलणी झाली होती. गणवेशाचं मापही देऊन झालं होतं. ज्या माणसानं उभं आयुष्य मान खाली घालून, मोहरीएवढ्या खड्याकडे बघत काढलं, त्याला आता मान वर करून मोटारी मोजायच्या होत्या.

म्हणून त्यानं जीव ओतून मला घडवलं. अंग पितळेच्या पट्टीचं. स्प्रिंग बॉलपेनची. चामडं त्याच्या वडिलांच्या, म्हणजे धुडकूबाबांच्या पाकिटाचं. पाकीट रिकामंच असायचं, त्यामुळे बाबांना फरक पडला नाही. वरच्या डोळ्यासाठी खेळण्यातल्या दुर्बिणीची काच मिळाली. खालचा डोळा मात्र कुंदननं स्वतः घासला. काच गोल, गुळगुळीत, अगदी हवी तशी झाली. तिथं थांबायचं होतं.

पण मित्रांनो, हिऱ्याच्या कारागिराला गुळगुळीत वस्तू म्हणजे अर्धवट सोडलेलं काम वाटतं. कुंदननं काच उजेडात धरली. त्याला लाज वाटली. मग त्यानं तिला पैलू पाडले. त्याच्या हातून झालेलं ते सर्वात सुंदर काम होतं. मी त्याच्याकडे कृतज्ञतेनं पाहिलं आणि मला पुष्कळ कुंदन दिसले.

पहिला फोटो धुडकूबाबांचा काढायचा ठरला. बाबा पॉवरलूमवर कामाला होते. ते लग्नात नसायचे, बारशात नसायचे, कारण त्यांची नेहमी पाळी असायची. त्यांचा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा, आणि त्यात ते फरार असल्यासारखे दिसत होते. बाबा दाराबाहेर पाण्याच्या निळ्या ड्रमाजवळ उभे राहिले.

"ओ कुंदनना बाप, जरा हसा," कुंदनची आई सरलाबाई म्हणाल्या.

"काबरं? काय व्हयनं?" बाबांनी विचारलं. हसायला कारण लागतं, असं त्यांचं मत होतं.

कुंदननं वरच्या डोळ्यातून पाहिलं. एकच बाबा, स्वच्छ. त्यानं कळ दाबली. खालच्या डोळ्याचं म्हणणं कुणी विचारलं नाही.

फिल्म धुवायला शालिग्रामच्या स्टुडिओत गेली. तिथं हल्ली झेरॉक्सच निघतात, पण शालिग्रामला जुनी विद्या येते. त्यानं फोटो मोठा करून दिला आणि म्हणाला, "कुंदन, एवढे जुळे कुठून आणलेस रे?"

फोटोत चोवीस धुडकू होते. कुणी वाकडा, कुणी अर्धा, कुणी ढगात. मधोमध एकच वस्तू नीट आली होती. ड्रम.

चंचलभाईंनी फोटो उलटासुलटा करून पाहिला. "कुंदनभाई, मने केमेरो जोईए, मेळो नहीं." जत्रा नको होती त्यांना. पण माणूस भला. म्हणाले, "साधी काच लाव. एक चान्स अजून."

कुंदन पुन्हा बसला. या वेळी त्याची बायको योगिता समोर पहाऱ्याला बसली. काच गोल झाली. ती म्हणाली, "बस्स. झाली. ठेवा खाली."

"ठेवतो ना."

तेवढ्यात नळाला पाणी आलं. सुरतेत नळाला पाणी आल्यावर बसून राहणारी बाई अजून जन्मायची आहे. योगिता हंडा घेऊन धावली. परत आली तेव्हा कुंदन काच उजेडात धरून बसला होता.

"काय केलंत?"

"काही नाही."

"अहो, काय केलंत?"

"एकच पाडलाय," कुंदन हळूच म्हणाला.

योगितानं हंडा खाली ठेवला आणि गणवेशाचा शर्ट इस्त्रीला काढला.

नव्या फोटोत दोन धुडकू आले. चंचलभाई म्हणाले, "चोवीसवरून दोन. प्रगती छे." आणि त्यांनी तसले कॅमेरे दुसरीकडून मागवले. त्या कॅमेऱ्यांचा एकच डोळा खरा आहे म्हणे. तिसरी काच घासायला कुंदन बसलाच नाही. मला पहिली काच परत बसवली, कारण ती सुंदर होती.

पुढे बाबांचा कारखानाही बंद झाला. माग भंगारात गेले. ज्यांच्या आवाजानं बाबांचे कान गेले होते, ते माग टेम्पोत एकदम गुपचूप बसून गेले. नंतर बाबांना झोप लागेना. म्हणायचे, फार शांत शे. पावसाळा संपता संपता तेही शांत झाले.

भिंतीवर कोणता फोटो लावायचा, यावर घरात विचार झाला. आधार कार्डावरचा बघून पाहुणे पोलिसांना बोलावतील, असं योगिता म्हणाली. दोन धुडकूंचा लावला तर लोक विचारणार, दुसरे कोण? भाऊ का? तेही गेले का? शेवटी सरलाबाईंनी चोवीसांचा उचलला.

"यासमा एक तरी नीट येल व्हई," त्या म्हणाल्या.

तो एक त्यांना अजून सापडलेला नाही. रोज सकाळी त्या काडीच्या टोकानं एकेकाला गंध लावतात. ढगातल्यालाही लावतात. ड्रम चुकवतात. तोवर चहा उतू जातो, आणि घरात त्यांना कुणी काही म्हणत नाही.

मित्रांनो, शेवटी काहीतरी उपदेश करायची रीत आहे. कॅमेऱ्याची निगा राखा, असं मी सांगणार नाही. माझी फार चांगली राखली गेली, त्यानं काही झालं नाही. एवढंच सांगतो, की तुमच्या घरात नेहमी पाळीवर असणारं एखादं माणूस असेल तर त्याला एकदा उजेडात उभं करा. ते हसणार नाही. तरी काढा फोटो. साध्या काचेनं काढा.

मला त्याच फोटोच्या खिळ्याला टांगलंय, तोंड दाराकडे. पोटात एका फोटोपुरती फिल्म शिल्लक आहे, तो कुणी काढत नाही. रोज सकाळी गणवेश घालून, मान वर करून कुंदन कामाला निघतो. वरच्या डोळ्याला एकच माणूस जाताना दिसतो. खालच्या डोळ्याला चोवीस दिसतात, आणि त्यांच्यातल्या एकालाही जायचं नसतं.