गोवळकोंड्यावरची आरोळी

गुडघ्यांनी दगा दिला म्हणून आळंदची राजूबाई गोवळकोंड्याच्या दरवाजातच थांबली. नात चैत्रा गड चढून गेली. खाली दरवाजाच्या घुमटाखाली टाळी वाजवली की वर गडावर ऐकू येते, असं गाइड सांगत होता. पण हैदराबाद बघायला आलेले सगळेच टाळ्या पिटत होते. त्यात आज्जीची टाळी नातीला कळणार कशी?

राजूबाई वैतागली. ज्वारी राखताना शेतातल्या माळ्यावरून पाखरांवर घालायची, तीच आरोळी तिनं घुमटाखाली ठोकली. टाळ्या थांबल्या.

एका शेतातून आरोळी आली की दुसऱ्यानं ती परत द्यायची, हा त्यांच्या शिवाराचा रिवाज. वरून चैत्राची आरोळी आली आणि तिच्यामागं पन्नास अनोळखी गळ्यांची.

"चढले की न्हाई मी गड?" राजूबाईनं गाइडला विचारलं.